टारपीडो, कंबर तीस

३० नोव्हेंबर, शनिवार. सौंसर

टारपीडो गेली.

आज शाळेत खेळांचा दिवस. मुलींच्या शर्यतीसाठी चुन्याची रेघ ओढायला मी मैदानावर वाकलो आणि मागून चर्रर्र असा आवाज झाला. आधी वाटलं मंडप फाटला. मग वारा लागला तेव्हा कळलं की मंडप शाबूत आहे. आठवी ब चा अख्खा वर्ग माझ्या मागे उभा होता. चुन्याचं घमेलं मागे धरून, पाठ भिंतीला लावत, खेकड्यासारखा आडवा चालत मी स्टाफरूम गाठली.

पुढे कोणी ही वही वाचलीच तर त्याच्यासाठी लिहून ठेवतो. टारपीडो ही नागपूरची जीन्स. आम्ही कॉलेजात असताना निघाली आणि माझा मुलगा चालायला लागायच्या आत कंपनी बुडाली. कमरेवर चामड्याची पट्टी, पट्टीवर पाण्यातून सुसाट सुटलेला टारपीडो. चित्रकाराने तो असा काढला होता की सारं सौंसर त्याला वांगं म्हणायचं. ‘आला वांग्याच्या पँटीवाला.’ म्हणू देत. कापड इतकं जाड की पँट काढून कोपऱ्यात उभी केली तर उभी राहायची. कंपनी बंद पडल्याची बातमी आली तेव्हा मी नागपूरला जाऊन मिळाल्या तेवढ्या उचलल्या, पुढे पोट सुटेल या हिशेबाने मोठ्या मापाच्या. पोट हिशेबाप्रमाणे सुटलं. त्यातली ही शेवटची.

घरी बायको, सुमन, फाटलेली जागा बोटाने चाचपत बराच वेळ बसली होती. “कापड मात्र कमाल हाये बाप्पा,” म्हणाली. सांत्वन करायची तिची तऱ्हा.

पांढुर्ण्याला गजाननला, माझ्या कॉलेजच्या मित्राला, फोन केला. तो खतं-बियाण्यांच्या दुकानात होता. मी म्हटलं, “गेली.” तो म्हणाला, “कवा?” मागे त्याच्या गिऱ्हाइकाने विचारलं, कोण गेलं?

त्रेपन्न वर्षांचा गणिताचा मास्तर एका पँटीपायी जेवला नाही, हे बरोबर का? नसेल. पण भूकच नव्हती.

३ डिसेंबर

बाजारात जाऊन दुसऱ्या कंपनीची एक पाहिली. दुकानातल्या पोराने ती दोन्ही हातांनी ओढून दाखवली, “अंकल, रबरसारखी ताणते.” ताणते म्हणजे काय? ज्या कापडाला स्वतःचं काही म्हणणंच नाही, ते अंगावर घालून करायचं काय? टेरिकॉटची पँट घालून शाळेत गेलो. सहावीतल्या एका मुलीने विचारलं, सर, बरं नाही का?

५ डिसेंबर

घाईत लिहितोय. अक्षर वाचता यायचं नाही, तरी लिहितो.

चिंधूचा फोन आला. हा आमच्यातला तिसरा टारपीडोवाला. बोरगावला संत्र्याची बाग आहे. त्याने आपल्या टारपीडो ट्रॅक्टरवर घालून घालून त्यांच्या खरोखरच्या चिंध्या केल्या, नावाला जागला. तो आज लोधीखेड्याला गेला होता. तिथलं हेमराज सेठचं जुनं कापडदुकान रिकामं होऊन राहिलं आहे. सेठ वारले, मुलगा तिथे मोबाईलचं दुकान टाकतोय. चिंधू पोती मागायला आत गेला आणि माळ्यावर पाहतो तर गाठोडं. गाठोड्यातून पट्टी बाहेर आलेली. पट्टीवर वांगं.

“कोऱ्या हायेत मास्तर! कोऱ्या! कागदबी निघाला नाही!”

मी स्वयंपाकघरात जाऊन सुमनला सांगितलं. ती पोळी लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, “कोन्या मापाच्या हायेत?”

लोकांना समुद्रात बुडालेलं सोनं सापडतं आणि ही विचारते माप!

८ डिसेंबर, रविवार

गजानन पहिल्या बसने आला. हातात एक पिशवी, ती त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. चिंधू पिकअप घेऊन आला. ऐन निघताना सुमन चपला घालून तयार. “मले लोधीखेड्याले काम हाये.” काय काम ते सांगितलं नाही. ती लग्नात होती तशीच काडीसारखी आहे, म्हणून पुढच्या सीटवर मावली. मी मागे क्रेटमध्ये बसून गेलो. रस्ताभर गात होतो. बोरगावच्या पुढे एका बकरीनेसुद्धा मान वर करून पाहिलं.

सेठची बायको वच्छलाबाई ओट्यावर बसल्या होत्या. पंच्याहत्तरीच्या असतील, आवाज मात्र खणखणीत. आम्ही तिघं हात जोडून रांगेत उभे.

“माह्या मालकाची शेवटची खेप हाये ते,” त्या म्हणाल्या. “कंपनी बुडाली, पण यायनं विकली नाही. म्हणे, मांगून माल येनार नाही तं गिऱ्हाइकाले चटक काहून लावू?”

गजाननने डोळे पुसले. मी त्याला कोपर मारलं, पण माझीही गत तीच होती.

“आता मी हे गोधडीवालीले देऊन राहिली. जाड कापड हाये, चार पोरायले थंडीत होईन.”

“गोधडी!” आम्ही तिघं एकदम ओरडलो. ओट्याखालचं कुत्रं उठून गेलं.

गजानन म्हणाला, “काकू, आमी जिवापलीकडं जपू. डांबरगोळ्या घालून पेटीत ठेवू. हातबी नाही लावनार.”

“मंग गोधडीच बरी,” वच्छलाबाई म्हणाल्या. “तीस वर्सं पेटीतच होत्या ना? पाहून ठेवाले मी देत नाही. संक्रांतीले घालून येजा, मले दाखवजा. एकानं तरी घातलेली दिसली तं गाठोडं तुमचं, पैशाचं नाव काढाचं नाही. नाही तं जसं नेलं तसं परत आनजा.”

आम्ही देवाची शपथ घेतली. नंतर सुमन वच्छलाबाईंच्या मागोमाग आत जाऊन त्यांच्याशी काहीतरी बोलत होती. तिचं काम बहुतेक तेच असावं.

८ डिसेंबर, तोच दिवस, संध्याकाळ

सगळ्या अठ्ठावीस आणि तीस कमरेच्या आहेत.

सुमन इतकी हसली की भिंत धरून खाली बसली.

११ डिसेंबर

आज प्रयत्न. चिंधू म्हणाला, कापड आहे, ऐकेल. त्याला खाटेवर आडवा केला. एक पाय गजाननकडे, एक माझ्याकडे.

“श्वास सोड!”

“सोडला!”

“आणखी सोड!”

“आता जीवच राह्यला बे!”

मांडीपाशी गाडी थांबली. पुढे जाईना, मागे येईना. चिंधू म्हणाला, “मास्तर, मले पायात रक्त येऊन नाही राह्यलं.” काढायला घालण्याच्या दुप्पट वेळ लागला. सुमन दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. एकदा मात्र जोरात म्हणाली, “असे ओढू नोका ना, टाके जातीन!” बरं वाटलं. इतक्या वर्षांनी तिला टाक्यांची काळजी वाटू लागली. संगतीचा परिणाम.

मग ठरलं, वजन कमी करायचं. संक्रांतीला महिना आहे.

१८ डिसेंबर

मी आणि चिंधू रोज पहाटे फिरायला जातो. तो बोरगावहून पिकअपने येतो आणि मग आम्ही पायी चालतो. त्याचं म्हणणं, संत्र्यात चरबी नसते, म्हणून चालताना संत्री. चालून झाल्यावर बसस्टँडवर तर्रीपोहे, कारण मेहनत झाली आहे. आज काट्यावर उभा राहिलो. काटा बिघडला असावा.

गजानन पांढुर्ण्यात एकटाच उपास करतो. त्याचं वजन उतरतंय, पण चेहऱ्याचंच.

२३ डिसेंबर

आजचा दिवस फार चांगला गेला. चहा पिता पिता सुमनने आपणहून विचारलं, “कोरी जीन्स पह्यल्यांदा कोमट पान्यात भिजवाची का थंड्या?” मी कप खाली ठेवला. थंड पाणी, उलटी करून, मीठ घालून, पिळायची नाही, सावलीत लटकवायची, आणि पहिल्या पाण्यात ती आटते हे धरून चालायचं, सगळं समजावून सांगितलं. तिने कधी नव्हे ते नीट ऐकलं. “आटते मतलब किती?” असंही विचारलं. माझ्या गणिताच्या वर्गात इतकं लक्ष कोणी देत नाही.

२७ डिसेंबर

मोरीतली बादली निळी झाली आहे. सुमन म्हणाली, नीळ सांडली. आमच्या घरात पांढरे कपडे फारसे नाहीत, पण असो. तिचे तळहातही निळे दिसले. विचारलं, तर म्हणाली, “शिक्के मारून मारून.” तिच्या नगरपालिकेच्या ऑफिसात सध्या फार काम असतं. बाईमाणसाला किती राबवतात! मी म्हटलं, साहेबांना सांग. ती म्हणाली, सांगते.

दुपारी लवकर घरी आलो तर आतून कडी. बऱ्याच वेळाने उघडली. आरसा भिंतीवरून खाली उतरवून खुर्चीला टेकवला होता. जाळी काढत होती म्हणे. घाम आला होता तिला, पण चेहरा कसा अगदी दिवाळीसारखा होता. साफसफाईचा तिला असा आनंद पूर्वी कधी होत नसे.

२ जानेवारी

वाईट दिवस.

पोटाचं काही होत नाही हे मी आणि चिंधूने मान्य केलं. मी फोनवर गजाननला सुचवलं की दोन्ही बाजूंची शिवण उसवून तिकोनी पट्टी घालून घेऊ. एखादी कापू आणि तिच्याच कापडाची पट्टी घालू. म्हणजे निदान वच्छलाबाईंसमोर उभं राहता येईल.

गजानन म्हणाला, “टारपीडोले कैची लावशीन तं मले फोन करू नोको.”

“मंग गोधडी होऊ देऊ?”

“गोधडी झाली तं वच्छलाबाईनं केली. कापली तं तू कापली. फरक हाये, गुणवंता.”

मी फोन ठेवला, रागारागाने गाठोडं खाली काढलं आणि मोजल्या. एक कमी. पुन्हा मोजल्या. एक कमीच. तीस कमरेची.

मी पुन्हा गजाननला फोन लावला. लावायला नको होता. मी म्हटलं, “त्या दिवशी तुह्या हातात पिशवी होती. काय होतं त्याच्यात?”

तो म्हणाला, “ठेवतो,” आणि ठेवला.

सुमनने सारं ऐकलं. “गजाननभाऊ तसे नाहीत,” म्हणाली. मी म्हटलं, पँट पाय फुटून गेली का? ती काही बोलणार होती. मग म्हणाली, “संक्रांत होऊन जाऊ द्या.” तिला वाटतं सण झाला की भांडण मिटतं.

८ जानेवारी

गजाननचा फोन नाही. कॉलेजपासून आजवर इतके दिवस कधी गेले नाहीत. चिंधूला मध्ये घातलं, तर तो पांढुर्ण्याला जाऊन संत्री देऊन आला आणि काहीच न विचारता परत आला. “त्याचा चेहरा पाहून मले विचारनं नाही झालं,” म्हणाला.

स्कूटीच्या सीटवर निळा डाग पडला आहे. कोण आपल्या गाड्यांवर बसून काय सांडतं, कोणाला विचारायचं?

१४ जानेवारी, संक्रांत. लोधीखेडा, मग घर

सावकाश, क्रमाने लिहायचा प्रयत्न करतो. जमेलसं वाटत नाही, आतून उकळ्या फुटत आहेत.

सकाळी सुमन स्कूटी घेऊन निघाली. ऑफिसातल्या बायकांकडे हळदीकुंकू आहे, मी परस्पर लोधीखेड्याला येते, म्हणाली. मी आणि चिंधूने गाठोडं पिकअपमध्ये ठेवलं. कैची लावली नाही. लावणार होतो, पण गजाननचं ते ‘फरक हाये’ कानातून जाईना. ठरवलं, प्रामाणिकपणे टेरिकॉटमध्ये जायचं आणि परत करून यायचं. रस्त्यात चिंधू म्हणाला, “गोधडी कोनाच्या पोराले भेटन, ते माहीत करून ठेवू. थंडीत भेटून येत जाऊ.”

ओट्यावर गजानन आधीच बसलेला. माझ्याकडे पाहिलं नाही. मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसलो. वच्छलाबाईंनी सगळ्यांच्या हातावर तीळगूळ ठेवला आणि आमचे पाय पाहिले. टेरिकॉट, टेरिकॉट, आणि चिंधूचा पायजमा.

“मंग? कोन घालून आलं?”

आम्ही खाली पाहिलं.

“नाही जमलं काकू,” मी म्हटलं. “पोट...”

एवढ्यात वेशीकडून हॉर्न. ओळखीचा. स्कूटी ओट्यापुढे येऊन थांबली आणि सुमन उतरली.

काळा कुर्ता, गळ्यात मंगळसूत्र, केसांत गजरा आणि खाली टारपीडो. कंबर तीस. घोट्याशी दोन घड्या घातलेल्या. पहिल्या पाण्यात आटून अशी अंगाला बसलेली, जशी तिच्यासाठीच शिवली होती. कमरेवरचं वांगं उन्हात चमकत होतं.

चिंधूच्या तोंडातला तीळगूळ खाली पडला.

सुमनने स्टँड लावला, ओढणी सारखी केली आणि माझ्याकडे न पाहता वच्छलाबाईंना म्हणाली, “काकू, तुमी म्हटलं होतं एकानं. एकीनं चालन काय?”

वच्छलाबाई उठल्या. तिला गोल फिरवलं. गुडघ्यापाशी कापड चिमटीत धरून पाहिलं. “खाली बस. ऊठ. आनखी बस.” सुमन बसली, उठली, पुन्हा बसली. एक टाका हलला नाही.

“माहा मालक कंपनीवाल्यायले सांगून सांगून थकला,” वच्छलाबाई म्हणाल्या, “का बाप्पाहो, हे कापड बाईमानसाले शोभते, तिच्या मापाची शिवा. त्यायनं आयकलं नाही. म्हनूनच बुडाली.” मग सुमनच्या गालाला हात लावून म्हणाल्या, “तू त्या दिवशी आत येऊन विचारलं तवाच म्या समजली होती.”

काय विचारलं होतं? मी सुमनला विचारलं. ती म्हणाली, “हेच, का बायकायनं घातली तं चालन का.” आणि मग हळूच, “लग्न झाल्यापासून तुमच्या धुऊन राहिली मी. एकदा वाटलं, आतून कशी लागते पाहू.”

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इतकी कोरी, इतकी निळी टारपीडो मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. दुसरं कारण नाही.

मग गजाननजवळ गेलो. शेजारी बसलो. म्हटलं, “मी गाढव हाये.”

“हव,” तो म्हणाला.

“पिशवीत होतं काय पन?”

“माही टारपीडो. पेटीतली. तुही फाटली म्हनून तुले द्याले आनली होती. तिकडं अख्खं गाठोडं सापडलं, मंग परत नेली. उगाच हलकी दिसली असती.”

त्यानंतर आम्ही दोघं ओट्यावर बसून लहान पोरांसारखे रडलो. वच्छलाबाईंनी चिंधूला विचारलं, “हे मास्तर कोन्या वर्गाले शिकवतात?”

गाठोडं आमचं झालं. त्यातली एक वच्छलाबाईंनी काढून घेतली. “अठ्ठावीसची एक मलेबी ठेवजा,” म्हणाल्या. “घरातल्या घरात घालीन.”

१७ जानेवारी

सुमन ऑफिसला टारपीडो घालून गेली! मी शाळेतून तीनदा फोन केला की कोणी काही म्हटलं का. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “मोठ्या बाबूनं इतकंच विचारलं का मॅडम, हे वांगं काहून हाये? मी म्हटलं, वांगं नोहे, टारपीडो हाये. दहा मिनटं समजावलं त्याले.” माझा ऊर भरून आला.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी गजाननचा फोन. मी म्हटलं, “बोल लेका.” तो म्हणाला, “वहिनी हायेत काय?”

दोघं तासभर बोलत होते. गजाननची मुलगी केतकी आणि चिंधूची सून उर्वशी या दोघींनाही एकेक मिळाली आहे. पुढच्या रविवारी सुमन आणि या दोघी टारपीडो घालून पांढुर्ण्यापर्यंत गाड्या नेणार आहेत. आम्ही तिघांनी मागून पिकअपमध्ये यायचं, डबे घेऊन. फोटो काढायला कोणीतरी लागतं.

आता सुमनचं नवीन म्हणणं असं की सहा महिने ती धुवायची नाही, रंग आपोआप उतरू द्यायचा, गुडघ्यामागे रेघा पडू द्यायच्या. मी म्हटलं, वास येईल. ती म्हणाली, “टारपीडोले वास येत नाही.” मी म्हटलं, तुझ्या आत्याकडे लग्न आहे, तिथे तरी साडी नेस. तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिला दुसऱ्या कंपनीची ताणणारी पँट घालायला सांगितली. मग खोलीत गेली, आणि आतून पुन्हा गजाननला फोन लावल्याचा आवाज आला. “पाहा ना भाऊ, यायले काही समजतच नाही.”

चहा मलाच करावा लागला.

बायका एखादी गोष्ट इतकी मनाला का लावून घेतात, मला खरंच कळत नाही. शेवटी एक पँटच तर आहे.